तेराव्या वर्षी पटावर बसलेली रोहिणी

 

आज मी हप्ता, व्याज, पासबुक यांतलं काही बोलणार नाही. आज बुद्धिबळाचं बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ताई, हे काय मध्येच काढलं? तर त्याचं कारण असं, की हल्ली गटाच्या बैठकीत आया मला विचारतात, "पोरगी मोबाईलवर बुद्धिबळ खेळत बसती, ते चांगलं का वाईट?" कुणी म्हणतं, "खेळू द्या, डोकं चालतं." लगेच दुसरी म्हणते, "डोकं चालवून करायचं काय? उद्या सासरीच जायचं ना." या दुसऱ्या वाक्यासाठी मी आज एका मुलीची गोष्ट सांगणार आहे. ही मुलगी आपल्या महाराष्ट्रातली आहे. तिचं नाव रोहिणी खाडिलकर.

'कीचकवध' नाटक लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर तुम्ही शाळेत ऐकले असतील. त्यांनी 1923 साली मुंबईत 'नवाकाळ' हे दैनिक सुरू केलं. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर पुढे त्याच 'नवाकाळ'चे संपादक झाले. या नीलकंठरावांना तीन मुली. वासंती, जयश्री आणि सगळ्यात धाकटी रोहिणी. रोहिणीचा जन्म 1963 सालचा. तिन्ही मुली बुद्धिबळ खेळायच्या, आणि नुसता वेळ घालवायला नाही, स्पर्धेत उतरून खेळायच्या.

आपल्या देशात बायकांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा पहिल्यांदा झाली 1974 साली, बंगळूरला. ती जिंकली थोरल्या वासंतीनं. पुढं जयश्रीनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आणि 1976 साली ते मिळवलं रोहिणीनं. तेव्हा तिचं वय होतं फक्त तेरा वर्षं. त्यानंतर बरीच वर्षं देशाचं विजेतेपद या तीन बहिणींच्या घरातून बाहेर गेलंच नाही. एकट्या रोहिणीनं ते पाच वेळा जिंकलं.

पण मला आज सांगायचंय ते विजेतेपद वेगळंच आहे. किंबहुना ते विजेतेपद नाहीच. त्याच 1976 साली ही तेरा वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. तिच्याआधी आपल्या देशात कुठलीही बाई त्या स्पर्धेत खेळली नव्हती. समोर कोण? वेगवेगळ्या राज्यांतून निवडून आलेले मोठमोठे पुरुष खेळाडू. आणि मग वादळ उठलं. पुरुषांच्या स्पर्धेत मुलगी कशी? प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं. तिथं तिच्या बाजूनं निकाल लागला. पुढं ते सातासमुद्रापार जागतिक बुद्धिबळ महासंघापर्यंत पोचलं. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष होते मॅक्स युवे. त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं, की बाई आहे म्हणून कुणालाही राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही.

आता हे युवे कोण होते ते ऐका. हा नेदरलँडचा माणूस 1935 साली बुद्धिबळाचा जगज्जेता झाला होता. पण पोटापाण्याला तो शाळेत गणित शिकवायचा, आणि तेही मुलींच्या शाळेत. म्हणजे बुद्धिबळ हा त्याचा धंदा नव्हता, हौस होती. नोकरी करून, संसार सांभाळून खेळणारा माणूस जगज्जेता होऊ शकतो, हे त्यानं स्वतः करून दाखवलं होतं. आणि मुलींच्या डोक्यात गणित शिरतं की नाही, हे तर तो वर्गात रोजच बघत होता.

त्या पुरुषांच्या स्पर्धेत रोहिणी पहिली आली नाही. पण तीन राज्यांच्या विजेत्यांना तिनं हरवलं. एकदा ते झालं, की मग "मुलींना जमत नाही" हे बोलायला तोंड कुठं राहतं?

मैत्रिणींनो, हा मुद्दा मी मुद्दाम थोडा ताणते. खेळात वेगळा गट का करतात? कुस्तीत, धावण्यात शरीराची ताकद लागते, उंची लागते, म्हणून बायकांचा गट वेगळा, हे समजू शकतं. बुद्धिबळात काय उचलायचं असतं? लाकडाचा एक हत्ती. तो उचलायला तुमच्या-माझ्या मनगटात पुरेशी ताकद आहे. आपण तर पाण्याचे हंडे उचलतो, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढवतो. मग बाईला पटापासून दूर कशानं ठेवलं होतं? सवयीनं. कुणी विचारलंच नव्हतं, की हा नियम लिहिलाय कुठं? या मुलीच्या घरच्यांनी विचारलं.

ही सवय फक्त आपल्याकडे होती असंही नाही. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा 1927 साली लंडनला झाली आणि ती जिंकली व्हेरा मेंचिक नावाच्या बाईनं. दोन वर्षांनी कार्ल्सबाडच्या मोठ्या स्पर्धेत तिला पुरुषांबरोबर खेळायला बोलावलं. तेव्हा आल्बर्ट बेकर नावाच्या खेळाडूनं थट्टा केली, की जो कुणी हिच्याकडून हरेल त्याला आपण 'व्हेरा मेंचिक क्लब'चा सभासद करून घेऊ. आणि झालं काय? त्या क्लबाचा पहिला सभासद तो स्वतःच झाला! पुढं युवे सुद्धा तिच्याकडून हरले होते. मला वाटतं, त्यामुळंही त्यांना रोहिणीच्या प्रकरणात फार विचार करावा लागला नसेल.

आता दुसरी एक गोष्ट सांगते, ती मात्र ऐकून जीव थोडा हळहळतो. 1933 साली इंग्लंडमध्ये हेस्टिंग्ज गावी ब्रिटिश बायकांची स्पर्धा झाली. ती जिंकली आपल्याच हिंदुस्थानातल्या एका मुलीनं. पंजाबातले एक मोठे जमीनदार, सर उमर हयात खान, विलायतेला गेले होते, आणि ही त्यांच्या घरी कामाला होती. त्यांच्याच पदरी असलेला सुलतान खान त्याच वर्षी पुरुषांत ब्रिटिश विजेता झाला, तोही तिसऱ्यांदा. या मुलीनं अकरा डावांत दहा जिंकले, एक बरोबरीत सोडवला, हरली एकही नाही. नंतर मालक मायदेशी परतले, त्यांच्यासोबत तीही परतली, आणि तिचं खेळणं तिथंच संपलं. जगाला तिचं नाव एवढंच माहीत आहे, मिस फातिमा. बस्स.

फातिमा आणि रोहिणी, दोघींच्या डोक्यात कमी-जास्त काय असेल ते असो. फरक होता तो पाठीमागं उभं राहणाऱ्या माणसांत. एकीच्या मागं बाप होता, घर होतं, कोर्टापर्यंत जायची तयारी होती. दुसरीच्या मागं कुणीच नव्हतं. तिला कुणी पटावर बसवलं तेव्हा ती बसली, आणि उठवलं तेव्हा उठली.

रोहिणीचं पुढं काय झालं तेही सांगते. 1980 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 1981 साली हैदराबादला आशियाई बायकांची स्पर्धा झाली. तिथं तिनं बारापैकी साडेअकरा गुण मिळवले आणि ती आशियाची विजेती झाली. 1983 साली पुन्हा झाली. 'महिला आंतरराष्ट्रीय मास्टर' हा किताब भारतात सर्वांत आधी 1979 साली जयश्रीला मिळाला आणि 1981 साली रोहिणीलाही. मग एके दिवशी तिनं खेळणं थांबवलं, छपाईच्या तंत्राचं शिक्षण घेतलं आणि घरच्या वर्तमानपत्राच्या कामात शिरली. 'संध्याकाळ' या सायंदैनिकाची ती संपादक झाली, आणि जयश्री झाली 'नवाकाळ'ची संपादक. म्हणजे बुद्धिबळ खेळलं म्हणून मुलगी वाया गेली नाही, की कामाला निरुपयोगी झाली नाही. उलट अख्खं दैनिक चालवायच्या लायकीची झाली.

त्यांच्यामागून आणखी मुली आल्या. अनुपमा अभ्यंकर, लग्नानंतरची गोखले, हिला 1986 साली पद्मश्री मिळाली. भाग्यश्री साठे, म्हणजे आताच्या ठिपसे, यांना 1987 साली. आणि परवाची ताजी गोष्ट तर तुम्ही बातम्यांत पाहिलीच असेल. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै 2025 मध्ये जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरात बायकांचा विश्वचषक जिंकली. वय एकोणीस. अंतिम सामन्यात समोर कोण होतं? आपल्याच देशाची कोनेरू हम्पी. त्या विजयानं दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली. आता स्पर्धेत 'पुरुष गट' असं म्हणत नाहीत, 'खुला गट' म्हणतात. खुला म्हणजे सगळ्यांना खुला. ज्या मुलीची तयारी आहे तिनं मुलींच्या गटात खेळावं, नाहीतर खुल्या गटात खेळावं. त्या तेरा वर्षांच्या मुलीनं 1976 साली लोटलेलं दार आहे हे.

आता तुमच्या मनात आलेलं मला कळतंय. "ताई, ते मुंबईचे, पेपरवाले. त्यांना कोर्ट परवडलं. आमची पोर बीड जिल्ह्यातली. दिवाळी झाली की आम्ही कोयता घेऊन कारखान्यावर. पोरीला ठेवायचं कुणापाशी हाच घोर." खरं आहे. खाडिलकरांचं घर आणि आपलं घर एक नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण तेरा हा आकडा ध्यानात ठेवा. तेराव्या वर्षी रोहिणी देशाची विजेती झाली. आणि आपल्याकडं मुलीला तेरावं-चौदावं लागलं की आपण काय बोलायला लागतो? "पोरगी मोठी झाली. आता तिला कुणाच्या भरवशावर ठेवायची?" तिथून पुढं पाहुणे कधी येतात आणि सुपारी कधी फुटते, पोरीला पत्ताही लागत नाही. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. असं कुठं घडताना दिसलं तर 1098 हा नंबर फिरवायचा, हेही ठाऊक आहे. पण नुसतं "लग्न करू नका" म्हणून भागत नाही. मग त्या वयात मुलीनं करायचं काय, याचं उत्तर घरात असायला लागतं. शाळा हे पहिलं उत्तर. एखादा खेळ, एखादी आवड, ज्यात ती कुणीतरी आहे, हे दुसरं.

आणि या खेळाइतका स्वस्त खेळ दुसरा सापडणार नाही. मैदान नको, बूट नकोत, वेगळे कपडे नकोत. चौसष्ट घरं आणि बत्तीस सोंगट्या. पुठ्ठ्यावर काळ्या शाईनं घरं आखली तरी पट तयार. एक पट दोघींना पुरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पाऊस असो, ऊन असो, चालतं. हंगामी वसतिगृहात ज्या मुली राहतात, त्यांच्या लांबच लांब संध्याकाळी यात बऱ्या जातात.

शिकवायचं कसं? एकदम सगळं शिकवू नका, मुली घाबरतात. आधी फक्त प्यादी मांडा. दोन्हीकडं आठ-आठ. प्यादं सरळ पुढं एक घर जातं, पहिल्या चालीला हवं तर दोन घरं, आणि मारतं मात्र तिरकं. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचेल तो जिंकला. एवढ्यावर चार-आठ दिवस खेळू द्या. मग हत्ती आणा, उभा-आडवा. मग उंट, तिरका. मग वजीर आणि राजा. घोडा सगळ्यात शेवटी, कारण त्याची अडीच घरांची उडी डोक्यात बसायला वेळ लागतो. महिन्या-दीड महिन्यात पोरी पूर्ण डाव खेळायला लागतात.

दोन गोष्टी सुरुवातीपासून लावा. पहिली, ज्या सोंगटीला हात लावला ती खेळायचीच. आधी विचार, मग हात. दुसरी, चाल लिहून ठेवायची. मोठ्या स्पर्धेत दोन्ही खेळाडू प्रत्येक चाल कागदावर लिहितात आणि डाव संपला की दोघंही त्यावर सही करतात. नंतर भांडण नको. आपल्या गटाच्या इतिवृत्तासारखंच आहे की हे! जिनं वहीत नोंद ठेवली तिला कुणी उद्या "असं झालंच नव्हतं" म्हणू शकत नाही. पोरींना ही सवय लहानपणीच लागली, तर उद्या त्यांच्या गटाचा हिशेब कुणी घोळात घालू शकणार नाही.

गटांना माझं एवढंच सांगणं आहे. या महिन्याच्या बैठकीत एक विषय वाढवा. गावात एक-दोन पट घ्यायचे, शाळेत किंवा वाचनालयात ठेवायचे, आणि रविवारी तासभर मुलींना खेळू द्यायचं. खेळ येणारा एखादा शिक्षक, एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी गावात असतेच, त्यांना विचारायचं. एखादी मुलगी चांगली निघाली आणि बीडला, अंबाजोगाईला स्पर्धा असली, तर तिचं आणि सोबत जाणाऱ्या बाईचं एसटीचं भाडं गटानं उचलायचं. एकट्या आईला ते जड जातं, दहा-बाराजणींना जात नाही. सोबत बाई असली की बापही "नको" म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे.

फातिमाच्या मागं कुणी नव्हतं. आपल्या पोरींच्या मागं आपण दहाजणी आहोत.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या गावात पट आला का, ते मला नक्की कळवा.