पारख आणि जबाबदारी



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की श्रोते बोनस, महागाई आणि संप यांची तयारी ठेवून बसतात. आज मी मात्र अमेरिकेतल्या बेसबॉलविषयी बोलणार आहे. नुकत्याच मिसरूड फुटलेल्या मुलाच्या अंगचे कसब कसे ओळखावे, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न. त्याचा या खेळाने फार बारकाईने विचार केला आहे. माझे शिक्षण बेताचेच. वाचनालयाच्या कृपेने जे हाती लागले, ते आपणांपुढे ठेवतो.

बेसबॉलच्या मैदानात एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार टप्पे असतात आणि लगतच्या दोन टप्प्यांत 90 फुटांचे अंतर असते. फलंदाजाने चेंडू जमिनीलगत मारला, की तो पहिल्या टप्प्याकडे धाव घेतो; चेंडू त्याच्या आधी तेथे पोहोचला तर तो बाद. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांच्या दरम्यान जो गडी उभा असतो, त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात. उजव्या हाताने खेळणारा सर्वसाधारण व्यावसायिक फलंदाज सुमारे 4.3 सेकंदांत पहिला टप्पा गाठतो. तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपने सरपटत येणारा चेंडू गाठायचा, उचलायचा, अंग वळवायचे आणि चौकोनाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर अचूक फेकायचा. आपल्या खो-खोत खो मिळताच उठणाऱ्या गड्याला जशी क्षणाची सवड नसते, तसेच हे.

अशा मुलांच्या शोधात व्यावसायिक संघांचे पारखी, ज्यांना तिकडे स्काउट म्हणतात, गावोगावच्या हायस्कुलांच्या मैदानांवर हिंडतात. जाणता पारखी सामना सुरू होण्यापूर्वीच, सरावाच्या वेळी येऊन बसतो; कारण सामन्यात त्या मुलाकडे चेंडू दोनदाच येईल, कदाचित येणारही नाही. आपण प्रेक्षक चेंडूकडे पाहतो, तो मुलाच्या पायांकडे पाहतो. फटका बसताच पहिले पाऊल पडते की मुलगा क्षणभर खिळून राहतो? हात चेंडूला सामोरे जाऊन त्याला अलगद सामावून घेतात की चेंडू पंजावर आपटून उडतो? उजवीकडे लांब धावून थांबल्यावर, तोल सावरायला वेळ नसताना, फेकीत किती जोर उरतो? आणि चूक झाल्यावर पुढचा चेंडू त्याला हवासा वाटतो की नकोसा?

शाळेतल्या आकड्यांवर हा पारखी फारसा विसंबत नाही. समोरचे गोलंदाज कच्चे असतात, मैदान खडबडीत असते आणि शाळेत धातूची बॅट चालते, व्यावसायिक खेळात मात्र लाकडाचीच. चुकांची मोजणी तर हमखास फसवते. जो मुलगा दूरच्या चेंडूपर्यंत पोहोचतो, त्याच्याच हातून तो निसटतो. जो जागचा हलत नाही, त्याच्या नावावर चूक लागत नाही! कारखान्यात अवघड काम अंगावर घेणाऱ्याचाच माल अधिक वाया जातो, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

पाहिलेले सारे पारखी 20 ते 80 या मापात मांडतो. 50 म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा सर्वसाधारण खेळाडू. धाव, फेक, झेल-अडवणूक, फलंदाजी आणि फटक्यातला जोर, या प्रत्येक गुणापुढे तो दोन आकडे लिहितो : एक आजचा आणि एक उद्याचा. हा दुसरा रकाना मला फार मोलाचा वाटतो. आज 30 असलेला मुलगा उद्या 60 होईल, असे लिहायला नजर लागते आणि छातीही लागते.

याचे एक उदाहरण सांगतो. मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावच्या हायस्कुलात डेरेक जीटर नावाचा शॉर्टस्टॉप होता. ह्यूस्टनच्या संघासाठी पारखीचे काम करणारा हॅल न्यूहाउजर हा स्वतः नामांकित गोलंदाज. हाच मुलगा घ्या, असा त्याने आग्रह धरला. 1992 साली निवडीचा पहिला मान ह्यूस्टनचा होता. त्यांनी दुसराच खेळाडू घेतला. न्यूहाउजरने ते काम सोडले. सहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क यांकीजने जीटरला उचलले. पुढच्याच वर्षी, 1993 मध्ये, खालच्या पातळीवर खेळताना त्याच्या नावावर 56 चुका लागल्या. नुसत्या आजच्या रकान्यावर निकाल द्यायचा असता, तर त्याला तेव्हाच दुसऱ्या जागी हलवले असते. संघाने तसे केले नाही. शिक्षक दिला, सराव दिला, वेळ दिला. पुढे त्याच जागेवर खेळून तो पाच विजेतेपदांचा मानकरी झाला. त्याच्या क्षेत्ररक्षणाविषयी आकडेतज्ज्ञ आणि डोळ्यांनी पाहणारे यांच्यात पुढेही मतभेद राहिले. कोणतीही पारख अखेरची नसते, हेच त्यातून दिसते.

पण मंडळी, येथवर आपण फक्त पारखणाऱ्याच्या बाजूने पाहिले. पारखला गेलेला मुलगा काय म्हणतो? 1965 पासून तिकडे वार्षिक निवडीची पद्धत आहे. ज्या संघाने निवडले त्याच्याशीच करार करायचा. पसंत नसेल तर कॉलेजात जाऊन पुढच्या संधीची वाट पाहायची. पहिली उचल भाग्यवंतांना भरघोस मिळते, बाकीचे खालच्या पातळीवर वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर राबत. पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेला मार्विन मिलर हा अर्थतज्ज्ञ 1966 साली खेळाडूंच्या संघटनेत आला आणि 1968 मध्ये त्याने व्यावसायिक खेळातला पहिला सामुदायिक करार घडवला. तो मात्र वरच्या पातळीपुरता होता. खालच्या पातळीवरचे खेळाडू संघटनेत येण्यास 2022 साल उजाडले. 2023 च्या करारात, त्यांच्या दुसऱ्या पायरीवरच्या, म्हणजे डबल-ए खेळाडूंचा किमान वार्षिक पगार 13,800 डॉलरांवरून 30,250 डॉलरांवर गेला. योगायोग पाहा : 2021 च्या सप्टेंबरात कूपर्सटाउन येथे एकाच समारंभात जीटर आणि दिवंगत मिलर या दोघांनाही खेळाच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले.

मला तो नुसता योगायोग वाटत नाही. उद्याचा आकडा लिहिणे म्हणजे एक वचन देणे आहे. ‘हा मुलगा 60 होईल’ असे लिहून त्याला उपाशीपोटी सरावाला धाडणे, किंवा पहिल्या 56 चुकांवर शेरा मारून घरी पाठवणे, ही पारख नव्हे, तो नुसता सौदा झाला. आपल्याकडे शिकाऊ उमेदवाराच्या कागदावर ‘अयोग्य’ असा शेरा पडतो, तेव्हा मी अधिकाऱ्यांना दोनच प्रश्न विचारतो : याला शिकवले कोणी, आणि किती दिवस? शेरा बरोबर असेल, तर या दोन प्रश्नांचे उत्तर द्यायला जड जाऊ नये. आपल्या घरातला, दुकानातला, शाळेतला मुलगा पारखताना आपणही प्रथम हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत, एवढी विनंती करतो आणि माझे भाषण पुरे करतो.