बुद्धिबळाच्या स्मृतिस्पर्धा



मी शिक्षक असतांना एकदां शाळेच्या चार मुलांना घेऊन परगांवच्या एका बुद्धिबळ-स्पर्धेला गेलों होतों. स्पर्धा एका दिवंगत विजेत्याच्या स्मरणार्थ होती. सभागृहांत त्यांची तसबीर होती, तिला हार घातलेला होता, पाहुण्यांचीं भाषणेंही झालीं. मधल्या सुटींत एका मुलानें मला विचारलें, "सर, हे कसे खेळत असत?" मला उत्तर देतां आलें नाहीं. शेजारच्या दोघांतिघांना विचारलें. त्यांनाही तें ठाऊक नव्हतें. त्या दिवशीं वाटलेली शरम अजून गेलेली नाहीं, म्हणूनच आज हा विषय निवडला.

अशा स्पर्धांचें एक प्रसिद्ध उदाहरण क्यूबा देशांतलें आहे. होजे राऊल कापाब्लांका हवाना शहरांत १८८८ सालीं जन्मला, आणि तेथेंच १९२१ सालीं इमॅन्युएल लास्करला, एकही डाव न गमावतां, हरवून जगज्जेता झाला. १९४२ सालीं तो वारला. पुढें १९६२ सालीं हवानांत त्याच्या नांवाची स्पर्धा सुरू झाली. १९६५ सालीं अमेरिकेच्या सरकारनें बॉबी फिशरला क्यूबांत जाऊं दिलें नाहीं. तेव्हां न्यूयॉर्कच्या मार्शल बुद्धिबळ-मंडळांत बसून त्यानें आपल्या खेळ्या टेलिप्रिंटरनें हवानाला धाडल्या. स्पर्धा स्मिस्लॉव्हनें जिंकली. फिशर अवघ्या अर्ध्या गुणानें मागें राहिला. दोन देशांमधला व्यवहार तुटला होता, पण त्या विजेत्याच्या नांवाखालीं पट मात्र मांडला गेला. कापाब्लांकाचें नांव टिकलें तें केवळ स्पर्धेमुळें नव्हे. पटावर थोडीं मोहरीं उरलीं, कीं त्याचा हात धरणारा विरळा. ते डाव शिक्षक आजही मुलांना मांडून दाखवितात.

आपल्याकडे सांगलीचें उदाहरण आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं १९४१ सालीं तेथें नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिलें. त्यांचें मोठेपण खेळाडू घडविण्यांत होतें. म्हणून त्यांच्या नांवें स्पर्धा भरविणें म्हणजे त्यांचेंच काम पुढें चालविणें होय. विजेत्याची गोष्ट निराळी. त्याची ठेव म्हणजे त्याचे डाव. ते कोणीं मांडलेच नाहींत, तर स्पर्धा दरवर्षीं भरेल, आणि तरीही माणूस विसरला जाईल.

रामचंद्र सप्रे हें नांव आपल्या घरांतील किती मुलांना ठाऊक आहे? १९५५ सालीं एलुरू येथें झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेंत डी. वेंकय्या यांच्यासह ते संयुक्त विजेते ठरले. माझ्या लहानपणीं, तेव्हांच्या औरंगाबादेंत, गुलमंडीच्या ओट्यांवर वडील मंडळी देशी पद्धतीनें खेळत. प्यादें पहिल्या खेळीलाही एकच घर जाई, आणि राजाला एकदां घोड्याची उडी मिळे. हातांत मुरलेली ती रीत बाजूस सारून त्या पिढीच्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय नियम आत्मसात करावे लागले. २०२५ सालीं नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं महिलांचा विश्वचषक जिंकला, याचा आपणां सर्वांना अभिमान वाटतो. पण ही वाट ज्यांनीं पहिल्यानें तुडविली, त्यांची ओळखही मुलांना असावी.

यासाठीं फार खर्च नको. पहिल्या फेरीपूर्वीं अर्धा तास ज्यांच्या नांवें स्पर्धा आहे त्यांचा एक डाव मोठ्या पटावर मांडावा. जिंकलेलाच हवा असें नाहीं. हरलेल्या डावांतूनही माणूस कळतो. प्रशस्तिपत्राच्या पाठीमागें त्याच डावाच्या खेळ्या छापाव्या. एखादें भाषण कमी झालें तरी चालेल.

त्या स्पर्धेहून परतल्यावर मीं एका वृद्ध खेळाडूच्या वहींतून त्या गृहस्थांचा एक डाव उतरवून आणला. शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्हीं तो मांडला. चाळिसाव्या खेळीपर्यंत मुलें हललीं नाहींत. डाव संपल्यावर तोच मुलगा म्हणाला, "सर, यांना घाई नव्हती."

त्याला हवें असलेलें उत्तर त्याचें त्यालाच सांपडलें होतें.