नाला उतरेपर्यंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



श्रावणात आपण अमरावती-अकोल्याच्या तेरा जणी चिखलदऱ्याकडच्या रानात एक दिवस पायी हिंडून आलो, त्याविषयी बोलावे असे मला सांगण्यात आले. देखाव्याचे वर्णन मी थोडक्यात आटोपते. परतवाडा सोडून घाट लागला की ढग खिडकीशी येतात. वर भीमकुंड दिसते. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले आणि या कुंडात हात धुतले, अशी कथा. कीचकदरा यावरूनच चिखलदरा हे नाव पडले असे म्हणतात. पलीकडे गाविलगड आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. त्याआधी नोव्हेंबरात लढाई झाली ती आपल्या अकोल्याकडच्या अडगावला.

आता मुद्द्याचे सांगते.

आम्ही ज्या धबधब्याला गेलो त्याचे नाव मुद्दामच घेत नाही. तिथे रविवारची गर्दी व्हायला नको. मेळघाट हा १९७३-७४ साली निघालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यात पायी हिंडता येत नाही, म्हणून आम्ही बाहेरची वाट निवडली आणि वनखात्याला विचारूनच निघालो. गावातली एक कोरकू बाई वाट दाखवायला घेतली. कोरकूंची भाषा आपल्या मराठी-हिंदीच्या गोतातली नव्हे. तिचे नाते तिकडे दूर संथाळी-मुंडारीशी आहे. आमच्याशी मात्र ती वऱ्हाडीत बोले, तेही मोजकेच.

सकाळी नाला ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढे होते. धबधब्यापाशी भाकरी, झुणका, ठेचा झाला. डोक्यावर ऊन होते. एक वाजण्याच्या सुमारास त्या बाईने वैराटाच्या बाजूला पाहिले आणि म्हणाली, "उठा बाई, चाला." तिकडचे आभाळ काळे झाले होते. पाहता पाहता पाणी चहाच्या रंगाचे झाले, सागाची पाने आणि काटक्या वाहत आल्या. भराभर नाल्यावर आलो, तो सकाळच्या जागी मांडीला लागेल एवढे पाणी! मोठे धोंडे तळाशी गडगडताना ऐकू येत होते.

हे असे का होते, ते ऐका. हा सगळा डोंगर ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचा. त्यावर माती पातळ आणि उतार उभा. वर पडलेला पाऊस मुरत नाही, धावतच सुटतो. म्हणून आपल्या डोक्यावर ऊन असले तरी नाला भरतो. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणीसुद्धा धडधाकट बाईला पाडते, मग ओले पातळ पायांत गुंडाळलेली असेल तर विचारायलाच नको.

आमच्यात दोन पक्ष पडले. पाच वाजता गाडी निघायची होती. एकीचे तान्हे नातवंड घरी होते, मोबाइलला आवाज लागत नव्हता. काही जणी म्हणाल्या, हात धरून साखळी करू, देवाचे नाव घेऊ. साखळीत एकीचा पाय सुटला तर ती शेजारणीलाही ओढते, हे मी सांगून पाहिले. पण माझे कोण ऐकते! त्या कोरकू बाईने वाद घातलाच नाही. तिने पाण्याच्या काठाशी एक धोंडा ठेवला, मागे येऊन बसली आणि म्हणाली, "त्याले पाय फुटेपर्यंत बसा."

अर्ध्या तासाने धोंडा बुडाला. मग साखळीची गोष्ट कोणी काढली नाही.

तीन वाजता धोंड्याचे टोक दिसले. साडेचारला तो कोरडा झाला, तरी ती उठेना. पावणेसहाला पाणी निवळले, तळ दिसू लागला, तेव्हा तिने काठीने ठाव घेत एकेकीला पार नेले. त्या चार तासांत रागावलेल्या दोघी पुढे आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

थांबण्यातही धोका होताच. पुढची वाट अंधारात गेली. वाघापेक्षा तिथे अस्वलाची भीती. सांजेला ते बाहेर पडते आणि माणूस एकाएकी समोर आले की अंगावर येते. त्याला लांबूनच चाहूल लागावी म्हणून आम्ही बॅटऱ्या लावून, श्रावणातच भुलाबाईची गाणी मोठ्याने म्हणत चाललो. सूर कोणाचाही लागत नव्हता.

साडेसातला गावात पोहोचलो. गाडीवाला कुरकुरत का होईना, थांबला होता. त्या बाईने ठरलेल्या पैशांवर थांबल्या तासांचे वेगळे मागितले. आम्ही तत्काळ काढून दिले. तिने ते मोजले, कनवटीला लावले आणि विचारले, "ठेचा उरला काय?"