जत्रेतली माणसे

जत्रेला जाऊन तुम्ही काय पाहता? पाळणा, तमाशाचा तंबू, जिलेबीची कढई, हे तर सगळेच पाहतात. माझे ऐकाल तर एकदा जत्रेत नुसती माणसे पाहायला जा. त्याला तिकीट नाही. फक्त एका जागी स्वस्थ उभे राहण्याची तयारी हवी.

जागा मी सुचवतो. सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात खरसुंडी हे सिद्धनाथाचे गाव आहे. पौषात तिथे यात्रा भरते आणि तिच्याबरोबर खिलार जनावरांचा मोठा बाजार. हा माणदेश, कमी पावसाचा मुलूख. खिलारही तसेच: पांढरे, काटक, चपळ, लांब टोकदार शिंगांचे. देवळाकडून ‘चांगभलं’चा गजर ऐकू येत असतो, तुम्ही मात्र बाजाराकडे वळा.

तिथे बैलाकडे नको, बैल पाहणाऱ्याकडे पाहा. खरे गिऱ्हाईक लगेच जवळ जात नाही. दुसरीकडेच काम असल्यासारखे दोनदा पुढून जाते. मग खुरापासून वशिंडापर्यंत नजर फिरवते आणि शेवटी बैलाचा जबडा उघडून दात पाहते. बैलाला पुढचे दात खालच्या जबड्यातच असतात, आठ. दुधाचे पडून पक्के दात जोडीजोडीने येतात. पक्का दात नसेल तो आदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती. आठही आले की बैल जुळला. धनी वय काहीही सांगो, दात खोटे बोलत नाहीत! त्या घडीला धन्याचा चेहरा जरूर पाहा. मुलाचा निकाल ऐकणाऱ्या बापाचा होतो, अगदी तसा.

पुढे सौदा. दोघांच्या हातांवर रुमाल पडतो. भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली बोटे धरून सांगायचा; शेजारच्याला कळता कामा नये. वर गप्पा चाललेल्या असतात पाऊसपाण्याच्या. मध्येच दलाल म्हणतो, “पाव्हणं, जरा समजून घ्या की!” रुमाल सगळे झाकतो, पण भुवया उघड्याच असतात. तुम्ही त्या वाचा.

अलीकडे बाजाराची नजर बदलली आहे. नांगराला ट्रॅक्टर आला, तशी कामाच्या बैलाची विचारपूस कमी झाली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यासाठीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यामुळे पळणाऱ्या खोंडाभोवती तरण्या पोरांचा गराडा पडतो. मोबाईल वर होतात, शिट्ट्या वाजतात. जुळलेला, नांगराला सरावलेला बैल घेऊन आलेला माणूस मात्र दुपारपर्यंत एकटाच बसून राहतो. त्याच्याकडेही पाहा. किंबहुना त्याच्याकडेच पाहा.

असाच एक म्हातारा मी पाहिला. दिवसभर त्याने घासाघीस केली, एका बोटासाठी दोन गिऱ्हाइके परत पाठवली. मला वाटले, काय हा चिवट माणूस! दिवस कलताना सौदा जमला. नोटा त्याने दोनदा मोजल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या. मग बैलाच्या गळ्यातले आपले दावे सोडून खांद्यावर टाकले. घेणाऱ्याने नवे दावे बांधले. तो निघाला तसा म्हातारा चार पावले मागे गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “राती ह्येला भाकरीचा तुकडा देत जावा. त्याबगर पानी पीत न्हाई.”

घेणाऱ्याने मान डोलावली. म्हातारा परत येऊन मोकळ्या खुंट्याशी बसला.

दिवसभर मी त्याच्या तोंडाकडे टक लावून होतो. त्या वेळी मात्र मला दुसरीकडे पाहावे लागले. जत्रेत तुम्ही माणसे जरूर पाहा. पण नजर कधी काढून घ्यायची, तेही तिथेच शिकून या.