कर्त्या पुरुषाचे न दिसणारे दुखणे
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील पालकसभेस आले. जिना चढताना त्यांचा तोल गेला. मागून कोणीतरी कुजबुजले, "दिवसाढवळ्या पिऊन आलाय!" दारूला कधी न शिवलेले ते शिंपीकाम करणारे गृहस्थ मान खाली घालून परत गेले. पुढे निदान झाले ते 'मल्टिपल स्क्लेरोसिस'चे. पायाचा बधिरपणा त्यांनी दोन वर्षे घरात लपविला होता. त्या बोलणाऱ्यास मी त्या वेळी हटकले नाही, याची बोच मला आजही आहे.

विजेच्या तारेवर असते तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. या रोगात शरीराची संरक्षक शक्तीच उलटते आणि मेंदू, मज्जारज्जू व डोळ्यांच्या नसा यांवरील ते आवरण नष्ट करते. मग नजर अंधुक होते, हातापायांस मुंग्या येतात, तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, विलक्षण थकवा येतो. पॅरिसच्या डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे स्पष्ट वर्णन केले. हा रोग संसर्गजन्य नाही. बहुधा तो विशी ते चाळिशीत सुरू होतो. स्त्रियांत तो अधिक आढळतो. परंतु पुरुषांत अपंगत्व लवकर वाढण्याकडे कल असतो. आणि नेमका पुरुषच दुखणे लपवितो! "मी पडलो तर घर कसे चालेल?" ही त्याची चिंता.

रोग समूळ घालविणारे औषध आज नाही. तथापि १९९३ पासून रोगाचे झटके कमी करणारी औषधे येत गेली आहेत. ती लवकर सुरू केल्यास अधिक लाभ होतो. म्हणून लपविण्यात गेलेला काळ फार महाग पडतो.

भगिनींनो, घरच्या माणसाच्या थकव्यास आळस म्हणू नका. उन्हातान्हात त्याचा त्रास वाढतो. कामे सकाळच्या गारव्यात उरकू द्या. बंधूंनो, विडी-सिगारेट सोडा, झेपेल तेवढा व्यायाम करा. मन खचल्यास तेही डॉक्टरांस सांगा. त्यात कमीपणा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या आजाराचा समावेश आहे. मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांसाठीच काम करते.

विद्यार्थी मित्रांनो, रस्त्यात कोणी अडखळला तर हसू नका, हात द्या.

ते गृहस्थ आज बसून कापड बेततात. मशीन त्यांची थोरली मुलगी चालविते. पालकसभा आम्ही आता तळमजल्यावर घेतो. काठी टेकीत ते येतात आणि पहिल्या रांगेत बसतात.