कायदा गेला, अंतर उरले
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आज आम्ही घराविषयी बोलणार आहोत. आपण सारे घर सोडून आलेली माणसे. पण आपण आलो ते नोकरीधंद्यासाठी, स्वेच्छेने. आणि गावचे दार आपल्यासाठी उघडेच राहिले. ज्यांचे दारच नाहीसे करण्यात आले, अशा माणसांची ही हकीगत आहे.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन शहराच्या मध्याजवळ ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ नावाची दाट वस्ती होती. ख्रिस्ती, मुसलमान, ज्यू, आफ्रिकी, भारतीय अशी नाना प्रकारची माणसे तेथे शेजारधर्माने नांदत. १९५० च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्यान्वये, कोणत्या वर्णाच्या माणसाने कोठे राहावे, हे सरकार ठरवू लागले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ही वस्ती गोऱ्यांसाठी राखीव झाली. साठ हजारांवर माणसे शहराबाहेरच्या रेताड ‘केप फ्लॅट्स’वर हलविली गेली आणि त्यांच्या घरांवर बुलडोझर फिरले. देवळे राहिली, घरे गेली. केपटाऊनमध्ये आपल्या कोकणातून गेलेल्या मुसलमान कुटुंबांचीही जुनी वसाहत आहे. तेथील भारतीयांना रायलँड्स आणि क्रॅव्हनबी हे भाग नेमून देण्यात आले.

एप्रिल १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. त्यानंतर सामान्य माणसाच्या दिवसात काय पालटले?

जे पालटले ते थोडे नव्हे. खिशात पास बाळगण्याची सक्ती १९८६ सालीच संपली होती. वृद्धांचे सरकारी वेतन वर्णानुसार कमीअधिक असे. ते १९९३ साली समान झाले. बागेतल्या बाकावर कोणीही बसू लागला. ज्याला बाक नाकारला गेला होता, त्यालाच या साध्या बसण्याचे मोल ठाऊक.

पण अंतर उरले. खायेलित्शा ही वस्ती शहरापासून सुमारे तीस किलोमीटर दूर आहे. तेथील कामकरी माणूस अजूनही अंधारातच उठून मिनीबसची वाट पाहतो. नव्या सरकारने गरिबांना लाखो घरे बांधून दिली. परंतु स्वस्त जमीन मिळते ती शहराच्या कडेला, म्हणून नवी घरेही बहुधा तेथेच उभी राहिली. कायदा कागदावरून पुसता आला, नकाशावरून पुसता आला नाही.

हिरावलेली जमीन परत मागण्याचा हक्क १९९४ च्या कायद्याने दिला. ११ फेब्रुवारी २००४ रोजी, म्हणजे त्या फर्मानानंतर बरोबर अडतीस वर्षांनी, ऐंशी ओलांडलेल्या दोघा वृद्धांच्या हाती नेल्सन मंडेलांनी नव्या घरांच्या किल्ल्या ठेवल्या. पुढचे बांधकाम मात्र रेंगाळले. कित्येकांनी वाट पाहता पाहताच डोळे मिटले. आणि जे परतले, त्यांनाही जुना शेजार कोठून मिळणार? तेथील एका जुन्या चर्चमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये संग्रहालय उघडले. त्याच्या जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा अंथरला आहे. म्हातारी माणसे येतात, वाकतात आणि ‘आमचे घर येथे होते’ म्हणून आपले नाव लिहितात.

बंधुभगिनींनो, ही केवळ परक्यांची कथा आहे काय? आपल्या राज्यघटनेने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली आहे. तरीही घर भाड्याने देताना आपण आडनाव विचारतो, आणि कधी ‘जागा आताच गेली’ असे सांगून मोकळे होतो. आपली पहिली पिढी या परमुलखात उतरली, तेव्हा भाषा न कळणाऱ्या कोणीतरी तिला खोली दिली होती. आज आपणच घरमालक आहोत. कायदा दाराचे कुलूप काढतो. दार उघडणे हे आतल्या माणसाचे काम आहे. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत ते आपल्या हातून घडो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.