शिफ्ट सुटते तो चौक



पत्रिकेवर संयोजकांनी विषय छापलाय, ‘औद्योगिक पट्ट्यातील वाहतूक आणि स्थानिक व्यापार’. एवढ्या भारदस्त नावाखाली मी बोलणार आहे ते मुख्यतः टपऱ्यांबद्दल, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे कोणाला उठून जायचं असेल तर आत्ताच जाता येईल.

आपल्या भागात मोठे रस्ते दोन. एक दापोडीपासून निगडीपर्यंतचा जुना मुंबई-पुणे रस्ता. दुसरा नाशिक फाट्यावरून निघून भोसरी, मोशी, कुरुळी करत चाकणला जाणारा. या दोन्ही रस्त्यांवर माणूस जिथे जिथे गाडी बदलतो, तिथे चहा, वडापाव, भाजी, मोबाइल रिचार्ज यांचं एक छोटं गाव वसलेलं असतं. महापालिकेच्या लेखी ते अतिक्रमण, वाहतूक पोलिसांच्या लेखी अडथळा. माझ्या लेखी ती आपल्या सार्वजनिक वाहतुकीचीच एक शाखा आहे. ही शाखा आपण कुठल्याही आराखड्यात धरली नाही, आणि चौक तुंबतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

इथले चौक कसे झाले ते थोडं पाहू. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, आलं १९६२ मध्ये, आणि त्या दशकात बजाज, टेल्को इथे स्थिरावल्या. पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली १९७० साली. तिची स्वतःची बससेवा, आपली पीसीएमटी, १९७४ ची. पुणे-लोणावळा लोकल १९७८ ची. म्हणजे कारखान्यानंतर नगरपालिका यायला सोळा वर्षं लागली, बस यायला वीस आणि लोकल यायला चोवीस. मधल्या काळात कामगार पोचत होता कसा? सायकलवर, नाहीतर कंपनीच्या बसने.

या कंपनी बसने आपलं शहर घडवलंय, आणि त्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. तिला थांब्याची पाटी नसायची. वस्तीची गल्ली जिथे हमरस्त्याला मिळते तिथे ती मिनिटभर उभी राहायची. कामगार पाच-दहा मिनिटं आधी येऊन थांबायचा. त्या पाच-दहा मिनिटांत चहा विकला जातो हे ज्याला पहिल्यांदा उमगलं, त्याने टपरी टाकली, आणि मग ती टपरी हीच थांब्याची खूण झाली. बस गेली का, आज उशीर आहे का, अमुक जण येऊन गेला का, हे सगळं टपरीवाल्याला विचारायचं. चौकशी खिडकी तीच. चौकांची नावंसुद्धा त्याच काळातली: थरमॅक्स चौक, केएसबी चौक. भोसरीत तर पीएमटी चौक आहे. खुद्द पीएमटी, म्हणजे पुण्याची बससेवा, २००७ मध्ये पीसीएमटीबरोबर पीएमपीएमएलमध्ये विलीन झाली, चौक आपला आहे तिथेच आहे.

आता चाकणला चला. बजाजचा तिथला कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी ही एकेकाळची शेतीची गावं आज कारखान्यांच्या कुंपणांना लागून आहेत. आंबेठाण चौकात किंवा वासुली फाट्यावर सकाळी सहाच्या सुमारास उभं राहून बघा. पोहेवाला पोहे आधीच कागदात बांधून ठेवतो, कारण गाडी थांबणार मिनिटभर, आणि तेवढ्यात दहा जणांचे पैसे घ्यायचे असतात. शेजारी ताडपत्रीवर सेफ्टी शूजची रास. त्यातले निम्मे वापरलेले, पुसून पॉलिश केलेले. पायात बूट नसतील तर गेटवर आत घेत नाहीत आणि कंत्राटी पोराचा पहिला पगार महिन्याने होणार, म्हणून जुन्या बुटांचा हा धंदा. पलीकडे झेरॉक्सचं दुकान: आधार, पॅन, पासबुक, पासपोर्ट फोटो, बायोडाटा. दुकानाच्या शटरवर चिकटवलेले कागद, ‘हेल्पर पाहिजे’, ‘कॉट बेसिसवर रूम मिळेल’. बिहार-ओडिशाहून किंवा आपल्या मराठवाड्यातून पोरगा पिशवी घेऊन उतरला की दोन तासांत त्याची नोकरी, खोली आणि बूट या शंभर फुटांत ठरतात. एवढं काम उरकणारं सरकारी कार्यालय मला कोणी दाखवावं.

एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सकाळचा धंदा कंपनीकडे जाणाऱ्या बाजूला असतो, संध्याकाळचा घराकडे येणाऱ्या बाजूला. सकाळी पोहे आणि चहा रस्त्याच्या एका कडेला, संध्याकाळी भाजी, अंडाभुर्जी, लिट्टी-चोखा दुसऱ्या कडेला. खोलीत फ्रिज नाही, स्वयंपाक आळीपाळीने, त्यामुळे रोजची भाजी रोज घ्यायची, तीही उतरल्या जागी. म्हणून बसथांबा दीडशे फूट पुढे सरकवला तर कागदावर काहीच बदललेलं नसतं, पण भाजीवाल्या मावशींचं गिऱ्हाईक मात्र गेलेलं असतं. मग मावशी काय करणार? टोपली उचलून दीडशे फूट पुढे येणार. आणि आपण म्हणणार, बघा, नव्या थांब्यावर पुन्हा अतिक्रमण!

दुसरी गोष्ट रात्रीची. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर दिवे असले तर असतात. ज्या कोपऱ्यावर भुर्जीची गाडी चालू आहे तिथे उजेड असतो, चार माणसं असतात. शेअर रिक्षाची वाट बघणारी मुलगी तिथेच येऊन उभी राहते, अधिकृत शेडखाली नाही. शेडखाली अंधार असतो.

आता मी टपऱ्यांची आरती ओवाळतोय असं वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. फुटपाथ गिळला जातो आणि चालणारा माणूस ट्रकच्या चाकापाशी ढकलला जातो. उघड्यावर गॅसची सिलिंडरं, जळकं तेल थेट गटारात. जागेचं ‘भाडं’ घेणारे दादा असतात, त्यांची पावती नसते. शेअर रिक्षा तीन-तीन ओळींत उभ्या. हे सगळं खरं आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट जागा आखून, पाणी-गटार-वीज देऊन आणि कायदेशीर भाडं घेऊन सुटणारी आहे. अतिक्रमण विभागाची गाडी येते तेव्हा यातलं काहीच सुटत नाही. तासभर चौक मोकळा होतो, इतकंच.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आपण काय केलं पाहा. रस्ता एकसष्ट मीटर रुंद केला, चौकांत ग्रेड सेपरेटर बांधले, बीआरटीचे थांबे उभारले. ते थांबे वर्षानुवर्षं रिकामे उभे होते. सुरक्षिततेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, आणि निगडी-दापोडी मार्गावर बस धावायला ऑगस्ट २०१८ उजाडलं. बस आली हे चांगलंच झालं, मी स्वतः ती वापरतो. पण थांबा दुकानांच्या ओळीपासून तुटला. पूर्वी उतरलेला माणूस दोन पावलांवर दुकानात शिरायचा. आता त्याला आधी रस्ता ओलांडण्याची तजवीज करावी लागते. ज्यांना परवडलं त्यांनी दुचाकी घेतली. मग दुकानदार म्हणू लागले, पार्किंग द्या.

मेट्रोचंही तसंच. ६ मार्च २०२२ ला पिंपरी महापालिका ते फुगेवाडी हा पहिला टप्पा सुरू झाला, पुढच्या वर्षी तो शिवाजीनगर न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटला पोचला. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंत साडेचार किलोमीटरचं काम चालू आहे. पहिल्या टप्प्यातल्या एका स्थानकाचं नाव आधी ‘भोसरी’ होतं. स्थानक नाशिक फाट्यावर, भोसरी गाव तिथून कित्येक किलोमीटर दूर! नंतर ते बदलून ‘नाशिक फाटा’ केलं. नाव सुधारलं हे बरं झालं, पण उतरणाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला: भोसरीत जायचं कशाने? खाली जिथे रिक्षा, बस आणि चहा एका जागी हवेत, तिथे रेलिंग आणि ‘येथे थांबू नये’ अशा पाट्या. स्थानकाच्या आत गाळे भाड्याने मिळतात म्हणे. पोह्याच्या गाडीला ते भाडं झेपेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

फेरीवाल्यांचा केंद्रीय कायदा २०१४ चा आहे. त्यात ‘नैसर्गिक बाजार’ ही कल्पना आहे: विकणारे आणि घेणारे जिथे पूर्वापार जमत आले ती जागा. अशा जागा जपाव्यात आणि फेरीवाल्यांना हलवणं हा शेवटचा उपाय समजावा, असं कायदा सांगतो. शहर फेरीवाला समितीत फेरीवाल्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असावेत, असंही त्यात आहे. आपल्याकडे मात्र हॉकर्स झोन शोधायची पद्धत उलटी. आधी रिकामी जागा बघायची. पण ती जागा रिकामी असते कारण तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही!

जगात कोणी हे वेगळं केलंय का? दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात वॉरिक जंक्शन नावाचं ठिकाण आहे. रेल्वे, बस आणि शेअर टॅक्सी तिथे एकत्र येतात आणि रोज चार लाखांवर माणसं तिथून जातात. वर्णभेदाची राजवट संपल्यावर १९९० च्या दशकात तिथल्या महापालिकेने वेगवेगळ्या खात्यांची माणसं त्याच जागेवर एकत्र बसवली आणि फेरीवाल्यांशी बोलून बाजार आखला. अर्धवट राहिलेला एक उड्डाणपूल तिथे पडून होता. त्यावर जडीबुटी विकणाऱ्यांचा बाजार बसवला आणि तो चालू स्थानकांना पादचारी पुलांनी जोडला. २००९ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या आधी जवळचा भाजीबाजार पाडून मॉल बांधायची टूम निघाली, तेव्हा लोकांनी विरोध केला आणि तो बेत बारगळला.

हे मी आज का सांगतोय? कारण आपल्याकडे उड्डाणपूल यायचाच आहे, आणि तो अर्धवट नाही. नाशिक फाटा ते खेड असा तीस किलोमीटरचा, आठ पदरी उन्नत मार्ग केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला. खर्च ७,८२७ कोटी रुपये. त्यावरून नाशिकचा माणूस सुसाट जाईल, कंटेनरही जातील. जावेतच. पण कुरुळीला उतरणारा हेल्पर त्या मार्गावर चढणार नाही. तो खालीच राहील, तिथला पोहेवालाही खालीच राहील. आणि शनिवारी चाकणच्या बाजारात कांदा आणि जनावरं घेऊन येणारे टेम्पोही खालीच राहतील. तळेगाव चौकात शनिवारी शिफ्टच्या वेळेला अडकलेला माणूस या सभागृहात नक्की असेल. सेकंड शिफ्टचा मात्र कोणी नसणार, कारण व्याख्यानमालेची आपली वेळ त्याच्या कामाची आहे.

तर मागणं नेमकं असं. खांब उभे राहण्याआधी भोसरीपासून चाकणपर्यंतच्या प्रत्येक फाट्याची पाहणी पहाटे पाच ते सात आणि रात्री अकरा ते साडेबारा या वेळात व्हावी, साहेबांच्या सोयीने दुपारी बारा वाजता नव्हे. कोण कुठे उतरतो, कुठे थांबतो, काय विकत घेतो याची नोंद व्हावी. पुलाखालची जागा महामार्ग प्राधिकरणाची, बाजूची एमआयडीसीची, पलीकडची चाकण नगरपरिषदेची किंवा एखाद्या ग्रामपंचायतीची आणि बस पीएमपीएमएलची, अशा चार मालकांत ती अडकणार हे आजच दिसतंय. तेव्हा बसचा थांबा, रिक्षाची रांग, विक्रेत्यांचे ओटे, नळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांची जागा कामाच्या नकाशातच आखून घ्यावी आणि तिची जबाबदारी एकाच खात्यावर टाकावी. स्वच्छतागृह मी शेवटी म्हटलं, पण त्या रस्त्यावर कामाला जाणाऱ्या बायकांना विचाराल तर त्या ते पहिलं सांगतील. पुलाखाली काय असावं हे ठरलं नाही, तर तिथे काय येतं ते आपण इतर पुलांखाली पाहिलंच आहे: जप्त केलेल्या गाड्या, बॅरिकेड आणि एखादा रंग उडालेला कारंजा.

प्रश्न असतील तर घेतो.